अकरावी आणि बारावी ओळ

भाद्रपदातल्या एका रविवारी, दुपारी दीड ते पावणेचार या वेळात, ज्ञानेश्वर काकडेच्या शेडनेटमधल्या अकराव्या आणि बाराव्या ओळीतली मिरचीची एकशे अठ्ठावन्न झाडं मुळासकट उपटली गेली. त्यातली बहुतेक त्याच्या आईनं, जनकाबाईनं, स्वतःच्या हातानं उपटली.

असं काही झालेलं नाही. कंपनीच्या वहीत त्या शेडनेटमध्ये पहिल्यापासून चोवीसच ओळी आहेत आणि वहीवर सही आहे. तेव्हा वरचं वाक्य आपणही वाचलं नाही असं धरू आणि ओळी सव्वीस होत्या तिथून सुरू करू.

ज्ञानेश्वरचं शेत दुसरबीडच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून दीड किलोमीटर आत. दहा गुंठ्यांवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर ओढलेली हिरवी जाळी. आत मिरची, पण खायची नाही, बियाण्याची. बियाणं कंपनीचं, झाडाचे आईबाप कंपनीचे, घाम काकड्यांचा. दुपारून, कळी उमलायच्या आत, चिमट्यानं तिच्यातले नर-तुरे काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातल्या नर-झाडांच्या फुलांची पावडर प्लास्टिकच्या अंगठीत भरून, ती अंगठी बोटात घालून, एकेका कळीचं टोक त्या पावडरीत बुडवायचं. मग देठाला लाल धागा बांधायचा. धागा आहे म्हणजे काम झालं आहे. धागा नसलेली मिरची दिसली की तोडून फेकायची.

बी कंपनीत गेलं की तिथं ते पेरून बघतात. शंभरात दोनपेक्षा जास्त झाडं भलतीच, म्हणजे फुलाच्या स्वतःच्याच पावडरीतून धरलेली, निघाली की प्लॉट फेल. पण खोटा धागा सापडला, म्हणजे पावडर न लावता बांधलेला, तर पेरून बघायचीही तसदी कोणी घेत नाही. उभा प्लॉट उपटतात आणि त्या घराचं नाव यादीतून काढतात. शेजारच्या शिवारात मागच्या साली एकाचा असा उपटला होता. तो माणूस आता पुण्याकडं कुठल्याशा सोसायटीच्या गेटवर बसतो आणि त्याच्या शेडनेटच्या जाळीचे लोकांनी कोंबड्यांसाठी तुकडे नेले. कोंबड्या त्यात चांगल्या राहतात.

काकड्यांच्या घरात चार माणसं. ज्ञानेश्वर, त्याची बायको जयमाला, आई जनकाबाई आणि सातवीतली मुलगी प्राची. शिवाय रोज सकाळी गावातून सहा बाया कामाला येत. प्रत्येकीच्या ओळी ठरलेल्या. अकरावी आणि बारावी जनकाबाईच्या, तीन वर्षांपासून. मधल्या ओळींत ऊन कमी लागतं, म्हणून मुलानं आईला त्या दिल्या होत्या. घरात आईची एवढीच काळजी उघडपणे घेतली जायची, बाकीची कोणाच्या लक्षात येणार नाही अशी.

भीती आली ती शनिवारी, पेढ्यांच्या पुड्यातून.

शाळेचे राजकुमार सर मोटारसायकलवर आले. ज्ञानेश्वर तेव्हा ठिबकच्या नळीतलं शेवाळ फुंकून काढत होता. सरांनी पुडा उघडला, एक पेढा आधी स्वतः खाल्ला आणि मग सांगितलं की प्राची तालुक्यात पहिली आली. ज्ञानेश्वरनं विचारलं, कशात. सर म्हणाले, प्रश्नात.

हे असं झालं होतं. शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं हे शिकवायला पुण्याकडची एक संस्था आली होती. त्यांचं म्हणणं, शिक्षकांना व्याख्यानं देऊन काही होत नाही, व्याख्यानात शिक्षक झोपतात. त्यापेक्षा पोरांना खरोखर पडलेले प्रश्न गोळा करा आणि शिक्षकांना त्या प्रश्नांच्या मागं पाठवा. म्हणून शाळाशाळांत बिस्किटांचे पत्र्याचे डबे ठेवले, झाकणाला खाच पाडून. पोरांनी फॉर्म भरून आत टाकायचा. डब्यातले प्रश्न मोबाइलवर चढवले जायचे आणि सगळ्यांत चांगल्या प्रश्नाच्या जागी जाऊन शिक्षकांचं एका दिवसाचं प्रशिक्षण व्हायचं. नियम दोनच. शिक्षकानं उत्तर सांगायचं नाही. आणि प्रश्न जिथं पडला तिथं जायचं.

सरांनी मोबाइलवर प्राचीचा फॉर्म उघडून मोठ्यानं वाचला. प्रश्न असा होता, 'पावडर न लावता धागा बांधला तर मिरचीला कळतं का?' खाली रकाना होता, 'तू स्वतः काय करून पाहिलंस?' तिथं प्राचीनं लिहिलं होतं, 'मी आमच्या मिरचीच्या चाळीस फुलांना पावडर न लावता धागा बांधला.'

ज्ञानेश्वरच्या हातातली नळी खाली पडली आणि त्याच्या पायावर पाणी जाऊ लागलं. त्यानं पाय काढला नाही. सर म्हणत होते की पुष्पांजली मॅडम, म्हणजे पुण्याच्या प्रशिक्षक, हा प्रश्न वाचून खुर्चीतून उठल्या. अशा वेळी खुर्चीतून उठतात हे ज्ञानेश्वरला माहीत नव्हतं. त्याला फक्त बसावंसं वाटत होतं.

"सर," तो म्हणाला, "हा प्रश्न वापस घेता येते का?"

"वापस काऊन? एक नंबर आला ना, ज्ञानेश्वरभाऊ."

"तरीपण. चुकून विचारला तिनं."

सरांनी फॉर्म खालपर्यंत सरकवून पाहिला. नाव, इयत्ता, प्रश्न, करून पाहिलेलं. प्रश्न मागं घ्यायचा रकाना नव्हता. सर म्हणाले, असा रकाना नाही म्हणजे तशी गरज कोणाला पडली नसणार. मग त्यांनी सांगितलं की सोमवारी अकरा वाजता केंद्रातल्या सगळ्या शाळांचे एकेचाळीस शिक्षक येतील, चहाचं शाळा बघेल, तुम्ही फक्त जागा दाखवा.

ज्ञानेश्वरनं विचारलं, हा फॉर्म कोणी कोणी वाचला.

"सगळ्यायनं. ग्रुपवर आहे ना."

ग्रुपवर कोण कोण हे विचारायची गरज नव्हती. कंपनीचा फिल्डवाला अविनाश, जो दर महिन्याला प्लॉट तपासायला येतो असं वहीत लिहिलेलं असतं, त्याची बायको याच केंद्रात शिक्षिका होती.

सर गेल्यावर ज्ञानेश्वर डबा घेऊन नाल्याकडं गेला. संध्याकाळपर्यंत तो तीनदा गेला. जयमालानं पेढ्याचा पुडा शेल्फावर देवाच्या बाजूला ठेवला, मग तिथून काढून पिठाच्या डब्यामागं ठेवला.

प्राची शाळेतून आली तेव्हा दोघं ओसरीवर तिची वाट बघत बसले होते. जनकाबाई चुलीशी होती. ज्ञानेश्वर ओरडला नाही. तो ओरडला असता तर पोरीला बरं वाटलं असतं.

"किती फुलं?"

"चाळीस."

"कोणत्या ओळीत?"

प्राचीनं चुलीकडं पाहिलं, मग भिंतीकडं. आठवत नाही म्हणाली.

"मंग वळखायची कशी?"

तिनं दप्तर खाली ठेवलं. मग म्हणाली की त्या धाग्यांना दोन गाठी आहेत. बाकीच्यांना एक.

ज्ञानेश्वरचा जीव थोडा भांड्यात पडला. चाळीस धागे, दोन गाठी. चाळीस मिरच्या शोधायच्या, तोडायच्या, गिळायच्या. सोमवारी जे येतील त्यांना धागा नाही, मिरची नाही, काही नाही. जयमालानं पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला, पण तो सुटकेचा होता, त्यात जोर नव्हता. चुलीपुढं जनकाबाईनं भाकरी तव्यावर टाकली. ती तव्याच्या काठावर पडली आणि अर्धी बाहेर लोंबली. तिनं हातानं चाचपून ती आत ओढली.

रविवारी पहाटे बायांना निरोप गेला की आत औषध मारलं आहे, येऊ नका. नवरा-बायको दोघंच आत शिरले. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. झाड कमरेएवढं, पानाखाली पान, पानाखाली देठ, देठावर गाठ. गाठ नखानं चाचपायची, एक आहे का दोन. धागा लोकरीचा, फुगलेला, डोळ्यांनी कळत नाही. दीड तासात ज्ञानेश्वरच्या अंगठ्याचं नख हुळहुळं झालं. मिरचीचा हात त्यानं एकदा विसरून डोळ्याला लावला, मग एकाच डोळ्यानं शोधू लागला.

दहा ओळी झाल्या. दोन गाठींचा एकही धागा सापडला नव्हता. जाळीच्या आत हवा हलत नव्हती. जयमालाचं पोलकं पाठीला चिकटलं होतं आणि ती मोठ्यानं श्वास घेत होती, तो ओळीच्या पलीकडून ऐकू येत होता.

अकराव्या ओळीतल्या पहिल्याच झाडावर पहिली दुहेरी गाठ सापडली. मग लगेच दुसरी. ज्ञानेश्वरनं तोंडानं मोजायला सुरुवात केली. पहिल्या झाडावर चौतीस झाल्या. दुसऱ्या झाडाच्या खालच्या फांदीवर चाळीस पुऱ्या झाल्या. तो सरळ उभा राहिला, कंबर मागं वाकवली आणि गेल्या चोवीस तासांत पहिल्यांदा हसला. आता पुढं बघायची गरज नव्हती.

जयमालानं पुढं बघितलं.

"आहो," ती म्हणाली. "इथंबी हायेत."

तिसऱ्या झाडावर एकतीस होत्या. चौथ्यावर जवळपास तेवढ्याच. दहाव्या झाडापर्यंत ते गाठी मोजत होते, त्यापुढं फक्त बघत गेले. ओळ संपली तिथं त्यांनी बारावी धरली आणि परत आले. प्रत्येक धाग्याला दोन गाठी होत्या. तेराव्या ओळीत परत एक.

दोघं तिथंच वाफ्यावर बसले. अकरावी आणि बारावी कोणाची, हे दोघांना माहीत होतं.

साडेबाराच्या सुमारास जनकाबाई पाण्याची कळशी घेऊन आली. बरोबर प्राची होती, आजीचा पदर धरून. पोरगी आजीचा पदर धरून चालते असं गाव म्हणायचं. त्या दिवशी ज्ञानेश्वरनं पहिल्यांदा नीट पाहिलं की पदर पुढं होता आणि आजी मागं.

"माय," तो म्हणाला, "एक फूल करून दाखव बरं."

"आता? काल तुरे कुठं काढून ठेवले हायेत?"

"काढण्यापासून दाखव. सगळंच कर."

जनकाबाईला वाटलं काही नवी रीत निघाली असेल, कंपनीवाले दर साली काढतात. तिनं कनवटीचा चिमटा काढला, अंगठी बोटात घातली. अकराव्या ओळीत, आपल्या नेहमीच्या जागी, गुडघा टेकला. डाव्या हातानं फांदी वर घेतली, ती बरोबर घेतली. देठ बोटांत धरला, तोही बरोबर. मग उजव्या हातातला चिमटा पुढं नेला आणि कळीच्या बाजूला, एक बोटभर डावीकडं, हवेत मिटला. हवेतून काहीतरी उपटल्यासारखा हलकेच मागं घेतला. दोनदा, तीनदा, जितक्यांदा कळीतून तुरे काढतात तितक्यांदा. मग अंगठी पुढं केली आणि पानाला टेकवली. शेवटी धागा घेऊन देठाभोवती फिरवला आणि गाठ मारली, आणि तिच्यावर अजून एक. गाठी इतक्या सारख्या आणि नेटक्या होत्या की त्या गावात कोणाला तशा येत नव्हत्या.

"झालं," ती म्हणाली.

कोणी काही बोलेना, तेव्हा तिनं मान वर केली. ज्ञानेश्वर तिच्या समोर होता. ती त्याच्या थोडी डावीकडं बघत होती.

"काऊन? सुटली का गाठ?"

"नाही," ज्ञानेश्वर म्हणाला. "गाठ पक्की हाय."

"मंग?"

जयमालानं कळशी तिच्या जवळून उचलून घेतली. आवाज शक्य तितका मऊ करून विचारलं, "आत्याबाई, तुमाले दिसत नाही का?"

जनकाबाई अंगठी बोटातल्या बोटात फिरवत राहिली. मग म्हणाली की जागा दिसते. फूल नाही दिसत, पण जागा दिसते. कधीपासून असं विचारल्यावर ती म्हणाली, पोळ्याच्या आधीपासून. बैलाच्या शिंगांना यंदा कोणता रंग दिला ते तिला दुसऱ्यांनी सांगितलं होतं. पहिली गाठ बसली का नाही ते दिसत नाही, म्हणून ती वर दुसरी मारायची. कामात हयगय नको.

ज्ञानेश्वर प्राचीकडं वळला. त्यानं विचारायच्या आधीच पोरगी बोलायला लागली. रविवारी ती आजीच्या बाजूला बसायची, तेव्हा तिनं पाहिलं होतं. घरी सांगितलं तर आजीला उद्यापासून घरी बसवतील. नाही सांगितलं तर मिरचीत काय होतं ते कळणार नाही. तेवढ्यात शाळेत डबा आला आणि सर म्हणाले, ज्याचं उत्तर कोणालाच माहीत नाही असं विचारा. फॉर्ममध्ये 'तू स्वतः काय केलंस' असं होतं, म्हणून तिनं 'मी' लिहिलं. आजीसाठी रकाना नव्हता.

"अन चाळीस?"

"चाळीस म्हणलं की कमी वाटते."

सव्वीसातल्या दोन ओळी. शंभरातले दोन चालतात, इथं आठ होत होते. हिशोब ज्ञानेश्वरला तोंडी आला आणि तो परत डबा घेऊन गेला.

आल्यावर त्यानं ठरलेलं सांगितलं. दोन्ही ओळी काढायच्या, आजच, कोणाला दिसायच्या आत. नळ्या गुंडाळायच्या, माती सारखी करायची. कोणी विचारलं तर म्हणायचं, मधात रस्ता सोडला आहे. प्लॉट वाचेल, जितका वाचायचा तितका.

जयमाला म्हणाली की आपण दोघं काढू, आत्याबाईंना घरी पाठवू. जनकाबाई गेली नाही. ती म्हणाली, "माह्या ओळी हायेत. तुमाले कुठून धरावं ते कळणार नाही." आणि पहिल्या झाडाच्या बुडाशी हात घातला. तिथं तिला काही चाचपावं लागलं नाही. खोड दोन्ही हातांत, एक झटका, मुळाची माती मांडीवर आपटून झाडायची, झाड मागं टाकायचं. हिरव्या मिरच्या, प्रत्येकीला लाल धागा. प्राची ती झाडं पोत्यात कोंबत होती आणि जयमाला पोती उकिरड्याकडं ओढत होती. ज्ञानेश्वर दारात उभा राहून रस्त्यावर नजर ठेवत होता, हे काम आपण निवडलं याची त्याला लाज वाटत होती, पण पाय तिथून हलत नव्हते. पावणेचारला जनकाबाई शेवटच्या झाडाच्या पुढं गेली, हात घातला, तिथं काही नव्हतं. तिनं अजून एकदा चाचपून पाहिलं. मग बसून राहिली.

उकिरड्यावर सोयाबीनचं कुटार, मागच्या सालचा भुसा, पसरून होतं न होतं तोच मोटारसायकलचा आवाज आला.

अविनाश होता. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, कंपनीचा टी-शर्ट, पाठीला बॅग. त्यानं गाडी स्टँडवर लावली, ती पडली, ती त्यानं उचलली नाही. बायकोनं त्याला फॉर्म दाखवला होता. तो सरळ शेडनेटमध्ये शिरला आणि पेन उगारून ओळी मोजू लागला. दहापर्यंत बरोबर चालला. मग ज्या जागी अकरावी ओळ असायला पाहिजे होती तिथं त्याचं पेन थांबलं. दोन वाफे ओल्या काळ्या मातीचे, नुकते पायानं दाबलेले. त्यावर एक लाल धागा पडला होता.

ज्ञानेश्वरला वाटलं, आता झालं. त्यानं मनातल्या मनात सोसायटीचं गेट बघितलं. ते उंच होतं आणि त्याला खुर्ची नव्हती.

अविनाशनं बॅगेतली वही काढली, उघडली, बघितली, मिटली. त्याच्या वरच्या ओठावर घाम होता.

"काका, मी इथं किती वेळा आलतो?"

ज्ञानेश्वरला खोटं बोलायचं सुचलं नाही. "एकदा. लागण झाली तवा."

"वहीत चार सह्या हायेत."

"असतील ना."

"चारही येळेस सव्वीस ओळी मोजल्या, सगळ्या धाग्यांची तपासणी केली, असं लिहिलं हाय मी."

आता दोघंही मातीकडं बघत होते. कंपनीचा माणूस आपल्याला भितो हे ज्ञानेश्वरच्या हळूहळू ध्यानात आलं, पण त्यानं त्याची भीती कमी झाली नाही. भिणारी माणसं एकाची दोन झाली, एवढंच. अविनाशनं विचारलं, ओळी पहिल्यापासून किती होत्या. ज्ञानेश्वरनं बोटं मोजायला घेतली. अविनाशनं परत विचारलं, या वेळी जरा सावकाश. जाळीबाहेरून जयमाला म्हणाली, चोवीस. अविनाशनं जुनं पान फाडून खिशात घातलं, नव्या पानावर चोवीस लिहिलं आणि चार तारखांच्या चार सह्या चार वेगवेगळ्या पेनांनी केल्या. बॅगेत चार पेनं होती. ही वेळ त्याच्यावर पहिल्यांदा आलेली नसावी.

जाताना त्यानं सांगितलं की मास्तरांना अडवू नका, अडवलं की लोक विचारतात. पोरीनं फॉर्ममध्ये 'आमच्या मिरचीच्या' लिहिलं आहे, 'शेडनेटमधल्या' असं लिहिलेलं नाही. घराजवळ एखादं झाड असेल तर ते दाखवा.

न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं एक मिरचीचं झाड होतं. दिवेलागणीला जयमाला धाग्याची गुंडी घेऊन त्याच्यापुढं बसली. फॉर्ममध्ये चाळीस होते. झाडाला फुलं अकरा होती. तिनं अकरा बांधले, मग मिरच्यांना नऊ बांधले, मग पानांच्या देठांना.

सोमवारी अकराला एकेचाळीस शिक्षक आले. मोटारसायकली बांधापर्यंत लागल्या. त्यांच्यापुढं पुष्पांजली मॅडम होत्या, सुती साडी, पायात बूट, हातात बिस्किटांचा डबा. एकेचाळीस माणसं एका न्हाणीभोवती उभी राहू शकत नाहीत. मागच्यांना झाड दिसेना, पुढच्यांचे पाय चिखलात गेले. एक गुरुजी वाकून बघत म्हणाले की हिनं पानालाही बांधला आहे. प्राचीनं शिकवल्याप्रमाणे सांगितलं की मी याच झाडावर केलं. मॅडमनी तिला विचारलं, मग काय दिसलं. प्राचीनं बापाकडं पाहिलं. हे शिकवलेलं नव्हतं.

"काही नाही दिसलं," ती म्हणाली.

मॅडमना ते फारच आवडलं. त्या म्हणाल्या, काही नाही दिसलं हेही निरीक्षणच आहे. मग म्हणाल्या की या झाडाजवळ सगळे मावत नाहीत, जिथं हे काम रोज चालतं तिथं जाऊ. ज्ञानेश्वर म्हणाला, आत औषध मारलं आहे. मॅडम म्हणाल्या, कोणतं. त्याला एकाही औषधाचं नाव आठवलं नाही. घरात अकरा बाटल्या होत्या.

एकेचाळीस माणसं चपला काढून शेडनेटमध्ये शिरली. चपला काढायला कोणी सांगितलं नव्हतं. जनकाबाईला दाराबाहेर पोतं टाकून बसवलं होतं, तिच्याशी बोलायचं नाही असं सगळ्यांना बजावून. तरी एका शिक्षिकेनं तिला विचारलंच, आजी, तुम्ही आत कुठं काम करता. जनकाबाई म्हणाली, "म्या कुठंच नाही करत." आणि बोटांनी पदराच्या दशीला गाठ मारली, वर अजून एक.

आत मॅडमनी नियम सांगितला. कोणी उत्तर द्यायचं नाही. वीस मिनिटं नुसतं बघायचं, आणि जो प्रश्न तुम्हाला खरोखर पडेल, पोराला पडतो तसा, तो एकच चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचा. एकमेकांचं बघायचं नाही. शिक्षक पसरले. कधी नव्हे ते कोणी बोलत नव्हतं. कोणी फुलाला नाक लावत होतं, कोणी जाळीतून आलेल्या उन्हाचे तुकडे तळहातावर धरत होतं. राजकुमार सर एका मुंगीमागं चालत होते आणि त्यांचा चेहरा आठ वर्षांचा झाला होता. ज्ञानेश्वर तेराव्या ओळीआड उभा होता. प्रत्येक जण फिरत फिरत मधल्या काळ्या पट्ट्यापाशी येई, थांबे आणि खिशातून पेन काढी.

वीस मिनिटांनी मॅडमनी डबा उघडला, पहिली चिठ्ठी वाचली. 'मधल्या दोन ओळी कुठे गेल्या?' दुसरी वाचली. 'मध्येच दोन ओळींची जागा रिकामी का?' तिसरी वाचून त्या थांबल्या आणि उरलेल्या नुसत्या उलगडत गेल्या. एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. अक्षर वेगळं, प्रश्न एक. शेवटच्या चिठ्ठीवर राजकुमार सरांनी पायानं दाबलेल्या एकशे अठ्ठावन्न खड्ड्यांचे गोल काढले होते, मोजून.

एवढ्या वर्षांत असं कधी झालं नाही, असं मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. ज्ञानेश्वरनंही वाजवल्या, कारण सगळे त्याच्याकडं बघत होते. मग मॅडमनी आठवण करून दिली, उत्तर सांगायचं नाही. प्रश्न जिथं पडला तिथं परत यायचं. पुढच्या सोमवारी तालुक्यातले सगळे, दोनशे दहा.

मंगळवारी बाया कामावर आल्या. मधल्या पट्ट्याबद्दल कोणी विचारलं नाही, अन्नपूर्णाबाईनंसुद्धा, जी सगळं विचारते. पण दहाव्या ओळीतून तेराव्याकडं जाताना त्या सरळ पट्ट्यावरून न जाता टोकापर्यंत जाऊन वळून येत, जशा इतके दिवस जात होत्या. जयमालाही तशीच जाई. जनकाबाईला नवं काम दिलं होतं, धाग्याच्या गुंडीचे तुकडे कापायचं, दाराबाहेर बसून. तुकडे सगळे एका लांबीचे होत. सात वाजता, बायांना पावडर वाटताना, ती उठून आत आली होती. अंगठी बोटात होती. दहा ओळी हातानं मोजून ती पट्ट्यात गुडघा टेकून बसली आणि डावा हात वर केला, फांदी उचलायला. तो तसाच राहिला. मग प्राचीनं पदर धरून तिला बाहेर आणलं. ज्ञानेश्वर नराच्या झाडांमागं होता. तिथं त्याला काही काम नव्हतं.

शाळेत डबा अजून होता. सातवीच्या मराठीत तेव्हा अर्ज लिहायला शिकवत होते. प्राचीनं बुधवारी मधल्या सुट्टीत फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, घडी घातली आणि खाचेतून आत टाकलं.

'प्रति,
मा. केंद्रप्रमुख साहेब,

विषय : आजीला कामावर परत घेणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही इयत्ता सातवीत शिकत असून तिने यापूर्वी एक प्रश्न विचारला आहे. सदर प्रश्नाचे उत्तर अद्याप प्राप्त झालेले नाही. उत्तर सांगायचे नाही असा नियम असल्याचे अर्जदारास माहीत आहे. सदर प्रश्नामुळे ओळ क्रमांक ११ व १२ या पहिल्यापासून नव्हत्या असे झाले आहे, व त्यावर काम करणारी अर्जदाराची आजी दाराबाहेर बसून असते. तिच्या हाताच्या दोन गाठींचा धागा नग एक सोबत जोडला आहे, तो तपासून पाहावा. गाठ सुटत नाही.

तरी सदर दोन ओळी नियमानुसार पूर्ववत उभ्या करण्यात याव्यात, अर्जदाराच्या आजीस त्याच जागी रुजू करून घेण्यात यावे, आणि मिरचीला कळले किंवा कसे याबाबत फक्त मिरचीकडूनच खुलासा मागवण्यात यावा, आजीकडून मागवण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.'